हुकूमदारांचा तळ

मीटरकाकांचं डोकं फिरलं ते स्मरणिकेच्या पहिल्याच वाक्यावर. कॉलनीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्यानिमित्त स्मरणिका निघायची होती, आणि हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या सभासदांना अध्यक्ष तिचा मजकूर वाचून दाखवत होते. "पूर्वी या जागी निव्वळ ओसाड माळ होता," अध्यक्षांनी घसा खाकरून सुरुवात केली, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "साफ खोटं!"

सगळ्या माना गर्रकन मागे वळल्या. कारण मीटरकाका सभेत तोंड उघडायचे ते फक्त चहा आल्यावर. वीज कंपनीत जन्मभर घरोघरची मीटरं वाचत हिंडलेला माणूस. लोकांच्या दारात उभं राहायचं, आकडे टिपायचे आणि वाढीव बिलाबद्दलच्या शिव्या मुकाट्यानं ऐकून घ्यायच्या, यात आयुष्य गेलं. असा माणूस अध्यक्षांना, म्हणजे एका निवृत्त बँक मॅनेजरला, भर सभेत खोटं पाडतो म्हणजे काय!

"ओसाड माळ नव्हता," मीटरकाका उभे राहून म्हणाले, "युद्धाच्या काळात इथं लष्कराचा तळ होता. परदेशी पलटण उतरली होती. माझे वडील लहानपणी तिथं कंदिलाच्या काचा पुसायला होते."

हॉलमध्ये खसखस पिकली. आणि कुणीतरी, कोण ते अजून कळलेलं नाही, पण मीटरकाकांचा संशय ठाम आहे, म्हणालं, "हुकूमदारांचा मुलगा शोभतो खरा!"

इथं हे हुकूमदार प्रकरण सांगून टाकलं पाहिजे. मीटरकाकांचे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण कॉलनीतली जुनी मंडळी त्यांना अजून विसरली नव्हती. दारावर थाप पडली की म्हातारा आतून गरजायचा, "हुकूमदार!" बाहेरच्यानं म्हणायचं, "फ्रेंड!" मग आतून यायचं, "पास फ्रेंड, आलास वेल!" आणि कडी निघायची. फ्रेंड म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही म्हणजे नाही. दूधवाल्यानं म्हटलं, वर्गणीवाल्यांनी म्हटलं, एकदा तर ताप मोजायला आलेल्या डॉक्टरनंही म्हटलं. पायात धड चप्पल नाही आणि स्वतःला हुकूमदार म्हणवतो, असं सगळे हसायचे. तळाच्या गोष्टी सांगायला लागला की डोळे मिचकावायचे. मीटरकाकांना स्वतःलाही 'वेल'चा अर्थ कधी कळला नव्हता. 'आलास' तेवढं कळायचं, आणि शाळेतून दमून आलेल्या पोराला तेवढं पुरायचं.

तर ते हसू ऐकलं आणि मीटरकाकांचा फ्यूज उडाला. "ठीक आहे," ते म्हणाले, "कार्यक्रमाच्या दिवशी पुरावा देतो. नाही दिला तर स्टेजवर जाऊन माईकवरून सांगेन, की माझे वडील थापाडे होते. मग तर झालं?"

अध्यक्ष खूश दिसले. "इतिवृत्तात नोंद घ्या," ते सचिवांना म्हणाले.

घरी ही बातमी मीटरकाकांच्या आधी पोचली होती. काकू दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, माईकवरून काय सांगणार आहात तुम्ही? मामंजी थापाडे होते? या घरात मी नवी असताना मला कुकर लावायला कुणी शिकवलं? तुम्ही?"

"अगं, पुरावा नाही मिळाला तर."

"मग मिळवा! मी जिवंत असेपर्यंत मामंजींना कुणी थापाडं म्हणायचं नाही. मुलानं तर मुळीच नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि भांडी आदळू लागल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत काकूंनी सासऱ्यांच्या दारात एकदाही 'फ्रेंड' म्हटलं नव्हतं. लाज वाटायची. म्हातारा नुसत्या पावलांवरून ओळखून सुनेला दार उघडायचा, आणि ही सवलत घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सगळ्यात मोठे सल्लागार म्हणजे वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर. हेही निवृत्त. यांच्या टपालखात्यात असताना किती पत्रं चुकीच्या घरी गेली ते विचारू नये, पण भाषेच्या शुद्धतेबद्दल गृहस्थ जिवावर उदार. मीटरकाकांनी सरकारी कचेरीसाठी अर्ज लिहिला, त्यात 'मिलिटरी कँप' असे शब्द होते. पोस्टमास्तरांनी ते लाल पेनानं खोडले. "आपल्या भाषेत शब्द नाहीत का? तळ म्हणा, तळ! कसा भारदस्त वाटतो." अशा रीतीनं अर्ज झाला: कॉलनीतील युद्धकाळातील तळाचा इतिहास व सद्यस्थिती याबाबत माहिती मिळावी.

कचेरीतल्या बाई अर्ज वाचून म्हणाल्या, "तळ? कशाचा तळ?"

"कॉलनीतला," मीटरकाका म्हणाले.

"म्हणजे टाकीचा. पलीकडची खिडकी."

"टाकीचा नाही हो बाई, लष्कराचा."

"टाकी कुणाची का असेना, तळ पाणीपुरवठ्याकडे येतो," बाई म्हणाल्या आणि अर्जावर शिक्का मारून मोकळ्या झाल्या. पलीकडच्या खिडकीतल्या साहेबांनी तर अर्ज वाचलासुद्धा नाही. शिक्का बघून ठेवून घेतला. एरवी याच खात्याला टाकी गळते म्हणून कॉलनीनं इतके अर्ज केले होते, की त्या कागदांनीच टाकीची भोकं बुजली असती. तेव्हा कुणी फिरकलं नाही. या खेपेला मात्र आठवड्याच्या आत शिडी, दोऱ्या आणि माणसं हजर! त्यांनी टाकी रिकामी केली, आत उतरले, ठोकून पाहिलं, आणि जेवायला गेले ते दुसऱ्या दिवशी उगवले. तोवर कॉलनीत पाण्याचा थेंब नाही. तोंडाला साबण लावलेले जावई टॉवेल गुंडाळून जिन्यात उभे होते आणि मीटरकाकांच्या नावानं खडे फोडत होते.

आणि मग लेखी अहवाल आला: सदर तळाची पाहणी केली असता तो युद्धकाळातील असल्याचे दिसून येत नाही.

अध्यक्षांनी तो फलकावर लावला. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'शासनाचा निर्वाळा'. मीटरकाकांनी फलकासमोर उभं राहून जीव तोडून सांगितलं की हा टाकीच्या बुडाबद्दल आहे, पण छापील कागदापुढे माणसाचं कोण ऐकतो? पोस्टमास्तर तेवढे म्हणाले, "अहवालाची भाषा मात्र शुद्ध आहे."

दुसरा कुणी असता तर इथं गप बसला असता. मीटरकाका बसणार? अंगावर कुत्री सोडली तरी मीटर वाचून येणारा तो माणूस. त्यांनी ठरवलं, कागद मरू दे, माणसं गाठायची. कॉलनीच्या आसपास ऐंशीच्या पुढचे पुष्कळ लोक होते. त्यांतल्या कुणीतरी लहानपणी तळ पाहिला असेलच. फलकावर चिठ्ठी लावायची ठरली. पोस्टमास्तरांनी लाल पेन काढलं. "तळानं घोळ झाला तर शिबिर म्हणा. शिबिर या शब्दात कसलीही टाकी येत नाही."

टाकी आली नाही, हे खरं. चिठ्ठी अशी होती: युद्धकाळातील शिबिराची माहिती असणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी रविवारी सकाळी मीटरकाकांच्या घरी यावे. कुणीतरी ती मोबाईलच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती पुढे जाता जाता आखडत गेली, आणि शेवटी उरली ती एवढीच: ज्येष्ठ नागरिकांसाठी शिबिर, रविवारी सकाळी, मीटरकाकांच्या घरी.

रविवारी काकूंनी दार उघडलं तर जिन्यापासून फाटकापर्यंत रांग. काठ्या, कानटोप्या, जाड भिंगाचे चष्मे.

"डोळे तपासणार ना?" पहिल्या आजोबांनी विचारलं.

"अहो, शिबिर म्हणजे तसलं नाही, लष्कराचं," मीटरकाका म्हणाले.

"लष्कराचे डॉक्टर? मग तर उत्तमच!" आजोबा मागे वळून ओरडले, "लष्कराचे डॉक्टर आलेत रे!" आणि रांग आणखी वाढली.

कुणी उपाशीपोटी आलं होतं, त्यांना काकूंनी पाहुणचार म्हणून चहा-बिस्किटं दिली. चहा पिऊन झाल्यावर त्यांना कळलं की रक्त तपासणारं कुणी नाही. मग ते उपास फुकट गेला म्हणून भडकले. एका बाईंनी जाताना बजावलं की पुढच्या वेळी कानाचंही ठेवा. एका माजी पैलवानांना मात्र सगळं आठवत होतं. "तळ ना? होता तर!" ते छाती पुढे काढून म्हणाले. "तुमच्या इमारतीच्या मागे झेंड्याचा खांब होता. त्याचा लोखंडी पाया अजून जमिनीत असणार. कोपऱ्यात खणा." मीटरकाकांना गहिवरून आलं. त्यांनी पैलवानांना मिठी मारली, दोन कप चहा जास्त पाजला. पैलवान ज्यांना त्यांना असंच सांगतात, हे नंतर कळलं.

सगळे गेल्यावर टीपॉयवर एक छोटी बाटली राहिली. झाकण घट्ट लावलेली. त्यात काय होतं हे सुज्ञास सांगणे न लगे.

मीटरकाकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते शेजारून कुदळ मागून आणून दुपारच्या उन्हात इमारतीमागे खणत होते. ओळखीचे लोक गॅलरीतून सूचना देत होते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, झाडाला धक्का लावू नका. खणता खणता कुदळीखाली काहीतरी लागलं. "सापडला!" मीटरकाका ओरडले आणि त्यांनी जोरात घाव घातला. फाटकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि अख्ख्या इमारतीतले पंखे बंद पडले.

केबल होती. विजेची. मेन स्विच खाली पडला म्हणून माणूस वाचला. आणि वीज कंपनीतून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसानं ती तोडली होती! दुरुस्तीला पोरसवदा वायरमन आले, तर त्यांतला एक म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याच खात्यातले ना?" मीटरकाकांनी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण हे वाक्य त्यांच्या काळजात घुसलं. अध्यक्ष दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सगळं बघत होते. "कार्यक्रमाला माईक चालू राहील एवढी वीज ठेवा हं," ते वरून म्हणाले, "तुम्हाला लागणार आहे." आणि हसत हसत वायरमनांशी बोलायला खाली आले.

मीटरकाका घरात येऊन खुर्चीत बसले. हात चिखलानं भरलेले, नाकावर काजळी. "संपलं," ते म्हणाले. "माझ्या बापाला मीच थापाडा ठरवणार."

काकूंचेही डोळे भरून आले, पण त्या कच्च्या नव्हत्या. "ते मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी ती बाटली माझ्या टीपॉयवरून हलवा. अध्यक्षांच्या आईंची आहे, अलीकडेच गावाहून राहायला आल्यात त्या. त्यांच्या कामवालीनं आणून ठेवली होती."

"मी त्या माणसाच्या दारात जाणार नाही!"

"मग संध्याकाळचा चहा त्या बाटलीशेजारी बसून प्या."

संध्याकाळ झाली होती. मीटरकाका बाटली रुमालात धरून अंधाऱ्या जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर चढले. अध्यक्षांच्या दाराला गाणं वाजवणारी बेल होती. दाबली, तर बेल मुकी. वीज कुणी घालवली ते आठवून त्यांनी जीभ चावली आणि दारावर थाप मारली.

आतून खणखणीत आवाज आला, "हुकूमदार!"

मीटरकाकांच्या तोंडून आपोआप निघालं, "फ्रेंड!"

"पास फ्रेंड, आलास वेल!" आतून उत्तर आलं आणि कडी निघाली.

दारात अध्यक्षांच्या आई उभ्या होत्या. नव्वदीच्या उंबरठ्यावरची वाळकी म्हातारी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेणबत्ती. मीटरकाकांनी बाटली पुढे केली, ती तशीच हवेत राहिली.

"आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"हुकूमदार!"

"अरे, ती पहारेकऱ्याची हाक!" आजी म्हणाल्या. "इथं पलटणीचा तळ होता ना. मी एवढीशी होते. आई माझी टोपली घेऊन अंडी विकायला यायची, मी तिच्या पदराला धरून. फाटकावरचा शिपाई बंदूक रोखून ओरडायचा, हू कम्स देअर! आम्हाला कुठलं इंग्रजी? आम्हाला ऐकू यायचं हुकूमदार. मी पहिल्या दिवशी भोकांडच पसरलं. तर तिथं कंदील पुसणारा एक काटकुळा पोरगा होता. तो म्हणाला, रडू नको, फ्रेंड म्हण, म्हणजे आत सोडतात." आजी बोळक्या तोंडानं हसल्या. "आता या घरात मेली बेल वाजते. बेलीला काय विचारायचं? आज कितीतरी दिवसांनी कुणी दार ठोठावलं."

मीटरकाका मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. कंदील पुसणारा काटकुळा पोरगा! म्हणजे बाप स्वतःला हुकूमदार म्हणवत नव्हताच. तो आयुष्यभर दारावरच्या माणसाला एवढंच विचारत होता, कोण आलंय? आणि उभी कॉलनी त्याला हसली.

"त्या पोराचं नाव आठवतं, आजी?"

"नाव कुठलं रे. तोंडावर कायम काजळी असायची, एवढं आठवतं." आणि मग मेणबत्ती पुढे करून त्यांनी मीटरकाकांचा चेहरा न्याहाळला. "तुझ्यासारखी. नाक पूस."

एवढ्यात अध्यक्ष धापा टाकत जिना चढून आले आणि हे दृश्य पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मीटरकाकांनी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ते उडवून लावलं. "आईचं वय झालंय. तिला काही आठवत नाही. आणि आमच्या घराण्यात कुणी अंडी विकलेली नाहीत."

"मला आठवत नाही?" आजी कडाडल्या. "चौथीत गणितात भोपळा मिळाला म्हणून तू पाण्याच्या पिंपात लपून बसला होतास, ते आठवतंय मला!"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरला होता. स्मरणिका ओसाड माळासकट छापून आली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर तिची एकेक प्रत होती. आजींना अध्यक्ष आणणार नव्हते, तिला जिना उतरवणार नाही म्हणाले. पण काकू आणि कामवाली सकाळीच वर गेल्या आणि चार तगड्या शेजाऱ्यांकडून आजींना खुर्चीसकट खाली उतरवून पहिल्या रांगेत आणून बसवलं. पैलवानांनीही एका बाजूनं हात लावला. तेवढंच प्रायश्चित्त.

"आता," अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आपले मीटरकाका वचन पाळणार आहेत. पुरावा आणलाय का? एखादा कागद, एखादा फोटो?"

"कागद नाही," मीटरकाका स्टेजवर चढत म्हणाले. लोक हसू लागले. त्यांनी माईक हातात घेतला, छाती फुगवली आणि बाप गरजायचा तसे गरजले, "हुकूमदार!"

पहिल्या रांगेतून आला तो आवाज माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "फ्रेंड!"

हसू जागच्या जागी थिजलं. अध्यक्ष घाईघाईनं पुढे आले. "आईच्या बोलण्यावर फार जाऊ नका. वयोमानानुसार..."

"इकडे आण तो माईक," आजी म्हणाल्या. माईक आला. "हा म्हणतो, ओसाड माळ होता. माझी आई, म्हणजे याची आजी, इथं रोज टोपलीभर अंडी विकायची. त्याच अंड्यांवर मी वाढले, म्हणून हा झाला. ओसाड माळावर कुणाला विकत होती रे ती? धोंड्यांना?"

असा हशा त्या हॉलनं पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. अध्यक्षांचा चेहरा उतरला. मीटरकाकांनी पुन्हा माईक घेतला. सांगायचं पुष्कळ ठरवलं होतं. "माझे वडील थापाडे नव्हते," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्या वाजत होत्या त्या त्यांना ऐकू आल्या की नाही, देव जाणे. मग दाराशी टेबल मांडून ते बसले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या स्मरणिकेतला 'निव्वळ ओसाड माळ' खोडून तिथं 'लष्कराचा तळ' लिहू लागले. पोस्टमास्तरांनी आपण होऊन आपलं लाल पेन काढून दिलं. अध्यक्षांची प्रतही मीटरकाकांनी सोडली नाही. ती तर दोनदा खोडली.

"आणि ते आलास वेल म्हणजे ऑल्स वेल बरं का," पोस्टमास्तर जाता जाता म्हणाले. "सारं कुशल आहे, असा त्याचा शुद्ध अर्थ."

"तुमचा शुद्ध अर्थ ठेवा तुमच्यापाशी," मीटरकाका मान वर न करता म्हणाले. "आमच्या घरी आलास असंच होतं."

शेवटची प्रत दुरुस्त करून ते घरी निघाले तेव्हा काकू केव्हाच पुढे गेल्या होत्या. आपल्या दाराशी येऊन मीटरकाकांनी सवयीनं बेलकडे बोट नेलं. ते मागे घेतलं. इकडेतिकडे पाहिलं आणि दारावर थाप मारली.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग काकूंचा आवाज आला, जरा लाजरा, पण चांगला मोठा.

"हुकूमदार!"

मीटरकाकांनी आधी नाक पुसलं.

"फ्रेंड," ते म्हणाले.

"पास फ्रेंड," काकू कडी काढत म्हणाल्या, "आलात वेल!"